खोटी पिन

सोमवार, ३ जून

प्रिय ताई,

नमस्कार. तू बरी असशील, दाजींचा गुडघाही आता सुधारला असेल असं धरून चालते. विचारायला तोंड नाही, म्हणून धरून चालते.

चौदा महिन्यांतलं हे माझं चौथं पत्र. आधीची तीन फाडली. त्यातलं एक तर पाकिटात घालून, वर तिकीट चिकटवून मग फाडलं. म्हणजे बघ माझी अक्कल. जीव हळहळला तोही तिकिटासाठी.

इकडे ठीक आहे. निवासात बरेच बदल झालेत. आपल्या मजल्याच्या पॅसेजला फिका हिरवा रंग दिला. दोन्ही भिंतींना नवे कठडे बसवले, ते खरंच चांगलं झालं, म्हाताऱ्या माणसांना धरून चालता येतं. बाथरूममध्ये खरखरीत फरशी घातली. दारात आता मोठी पाटी आहे, 'शांत, सुरक्षित, आपलं'. हळूसाहेब रोज सकाळी त्या पाटीवरून फडकं मारून घेतात. त्यांचं हे नाव तूच ठेवलंस, आठवतं? नवे व्यवस्थापक म्हणून आले त्याच आठवड्यात. चालायचं हळू, बोलायचं हळू, दारसुद्धा असं लावायचं की आत आलेत की बाहेर गेलेत ते कळू नये. अजून तसेच आहेत. आता सगळा मजलाच त्यांच्यासारखा झालाय.

तुझ्या वेळी एका दुपारी बेलच्या बोर्डावर शंभर-सव्वाशे दिवे लागायचे. कोणाला पाणी हवं, कोणाला कूस बदलून हवी, कोणाला नुसतंच विचारायचंय की आज वार कोणता. आपण दोघी चपला घासत पळायचो आणि तू म्हणायचीस, आपण माणसं सांभाळतो की आगगाड्या. आता दिवसाला दहा-बारा बेल होतात. हळूसाहेबांनी त्याचा तक्ता करून भिंतीवर लावलाय, रेघ उतरत उतरत खाली आलेली. भेटायला येणारे म्हणतात, किती शांत ठेवलंय तुम्ही. दुपारी काउंटरवर बसलं की मला घड्याळाचा काटा ऐकू येतो. पूर्वी त्या भिंतीवर घड्याळ आहे हेसुद्धा लक्षात यायचं नाही.

जाऊ दे. त्या बोर्डाचं नावही तुला नको असेल.

आई बरी आहे. जेवते, झोपते. कधी मला तू समजते, कधी मी कोण ते विचारते आणि सांगितलं की 'असं होय' म्हणून मान हलवते. सकाळी पूर्वेच्या खिडकीतून ऊन येतं तेव्हा त्यात पाय सोडून बसते. वजन थोडं उतरलंय, पण काळजी करू नकोस.

एक विचारायचं होतं. चौकशीच्या दिवशी तू काहीच का बोलली नाहीस? साहेबांनी विचारलं, बेल कोणी बंद केली, आणि तू नुसती ड्युटीच्या रजिस्टरकडे बघत राहिलीस. अकरा वर्षं त्या मजल्यावर काढलीस, मला तिथे कामाला लावलंस, कूस कशी बदलायची ते शिकवलंस. 'मी नाही' एवढे दोन शब्द बोलायला काय झालं होतं?

उत्तर दिलंच पाहिजेस असं नाही.

तुझी, अजून म्हणू देत असशील तर,
छोटी

*

गुरुवार, १३ जून

प्रिय ताई,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या महिन्यांनी तुझं अक्षर बघितलं आणि त्यात मोजून दोन ओळी. 'आपल्या घराला पूर्वेला खिडकी नाही. आई कुठे आहे?'

आई निवासात आहे. आपल्याच मजल्यावर, खोली नऊ. फेब्रुवारीपासून.

तुला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी येऊन तिला घेऊन गेली असतीस, आणि का आणलं ते मला सांगावं लागलं असतं. आता सांगते. सगळं सरळ लिहायचं ठरवलंय. तुला माहीत असलेलंही लिहिते, नाहीतर मी पुन्हा मधलं काहीतरी गाळेन.

रविवारी दुपारी मी चहाची ट्रॉली घेऊन सहा नंबरमध्ये गेले. तिथे शिंपी आजोबा असतात, तू गेल्यानंतर आले. ते पलंग आणि भिंत यांच्या मधल्या सांदीत पडले होते. गाल फरशीला टेकलेला, पायजमा ओला. मी खाली बसले आणि विचारलं, कधी पडलात?

म्हणाले, "पडलो तेव्हा ऊन पायावर होतं. आता बघा कुठे गेलंय."

मी बघितलं. ऊन कपाटापर्यंत गेलं होतं. म्हणजे दोन तास तरी झाले होते.

"हाक नाही मारलीत?"

"हाक कशाला? बटण आहे ना. हे बघा, अजून दाबतोय."

त्यांच्या हातात बटण होतं. अंगठा दाबून दाबून पांढरा पडला होता. मी वायर हातात धरून मागे मागे गेले. कपाटामागे तिचं टोक नुसतं लोंबत होतं. भिंतीच्या सॉकेटमध्ये खोटी पिन होती, वर व्यवस्थित टेप मारलेली.

खोली रिकामी असली की वायरमन सॉकेटमध्ये ती पिन घालतो, कारण बेलची वायर निघाली की काउंटरवरचा बोर्ड एकसारखा ओरडत बसतो. पिन घातली की बोर्डाला वाटतं सगळं जागेवर आहे. पण शिंपी आजोबांची खोली रिकामी नाही, ताई.

सिस्टरला बोलावून त्यांना उचललं. हाड मोडलं नव्हतं, कोपर सुजलं होतं. मग मी औषधांचा ट्रे हातात घेऊन, कोणाला कळू नये म्हणून, एकेका खोलीत कपाटामागे वाकून बघत गेले. एकूण सतरा खोल्या. अकरांत पिन. त्यातली एक आईची.

आता ते लिहिते ज्यासाठी तीन पत्रं फाडली.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये चौदा नंबरमधल्या पोस्टवाल्या आजींच्या सॉकेटमध्ये ती पिन मी घातली.

तू डॉक्टरांबरोबर खालच्या मजल्यावर होतीस. सिस्टर रजेवर. वर मी एकटी. तुला आजी माहीत आहेत, जन्मभर पोस्टात ठप्पे मारले आणि बटणही तसंच दाबायच्या. जेवण झाल्यापासून अडतीस वेळा बेल केली होती. मी मोजत होते, त्यावरून समज माझं डोकं कुठे होतं. किती वाजले. मुलगा आला का. किती वाजले. तेव्हा मी तीन नंबरच्या बाईंच्या पाठीची जखम धूत होते, आणि प्रत्येक बेलला त्यांना कुशीवर तशाच सोडून पळावं लागत होतं. काउंटरच्या खालच्या खणात वायरमनचा पिनांचा डबा असतो. मी एक घेतली. एक तासापुरती म्हणून. जखम नीट बांधून झाली की काढणार होते.

मग चहा आला, मग भेटायला येणाऱ्यांची वेळ झाली, आणि मी विसरले. मुद्दाम ठेवली असं नाही. विसरले. ते जास्त वाईट की कमी हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पाच वाजता त्या बाथरूमच्या दारात सापडल्या. स्ट्रेचरवर घेताना त्यांनी माझा हात धरला आणि अगदी समजावून सांगितल्यासारखं म्हणाल्या, "मी बेल केली होती हो. या वेळी खरंच काम होतं." खुबा मोडला होता. एकोणीस दिवसांनी गेल्या.

रजिस्टरवर मजला तुझ्या नावावर होता. चौकशीला मी पाण्याच्या फिल्टरपाशी उभी होते. मी बोलणार होते. वाटलं, आधी तू बोलशील, मग मी बोलेन. मग वाटलं, तू बाहेर पडलीस की आत जाऊन सांगेन. मग तू नोकरीच काय, शहरही सोडलंस. आणि दर दिवशी ते सांगणं आदल्या दिवसापेक्षा अवघड होत गेलं.

आठ दिवसांनी हळूसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "बसा. पिन कोणी लावली ते मला माहीत आहे. घाबरू नका. कल्पना वाईट नव्हती, फक्त नीट राबवली नाही." असंच म्हणाले. मग कागद पुढे सरकवला आणि सांगितलं, उगाच बेल करणाऱ्यांची नावं लिहून द्या. मी पाच नावं लिहिली. लिहिताना स्वतःला सांगत होते की हे त्यांच्याकडे जास्त लक्ष द्यायला असेल. तेवढी मी मूर्ख नाही, ताई. पण त्या दिवशी व्हायचं ठरवलं.

जानेवारीत आई गॅस चालू ठेवून खाली निघून गेली. साहेबांच्या कानावर गेलं. म्हणाले, "त्यांना इथेच आणा. तुमच्या डोळ्यांसमोर राहतील. तुम्हीही निर्धास्त काम कराल." मी त्यांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. आता कळतंय, त्यांनी सोय आईची केली नव्हती.

रविवारी मी सरळ विचारलं, आईच्या खोलीत पिन का?

"दिवसातून वीस-वीस वेळा बेल करायच्या. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं नाही." आणि तशाच आवाजात, "पुढच्या आठवड्यात बुधवारी तपासणीला माणसं येणार आहेत. सकाळी आठपर्यंत सगळ्या पिना काढून वायरी लावा. संध्याकाळी परत. तुमचा हात बसलेला आहे."

मी हो म्हणाले.

आईला आजच उचलून घरी आणावं असं सारखं वाटतं. पण दिवसभर घरी तिच्यापाशी कोण? आणि तिला हलवलं की साहेबांना वास लागेल, बुधवारच्या आत पिना गायब होतील आणि बाकीच्या दहा खोल्यांचं काय झालं हे कोणालाच कळणार नाही. तोपर्यंत दर अर्ध्या तासाला काहीतरी निमित्त काढून नऊ नंबरमध्ये डोकावते. बाकीच्या खोल्यांतही. पण मी आठ तास असते. दिवस चोवीस तासांचा असतो.

आईची वायर मी रविवारीच लावली होती. सोमवारी आले तेव्हा ती पुन्हा काढलेली होती. कोणी काढली, कोणी काही बोलत नाही. सगळे माझ्याशी फार गोड वागतायत.

तू उत्तर दिलं नाहीस तरी मी समजेन.

तुझी बहीण. हे काही केल्या खोडता येत नाही म्हणून.

*

शुक्रवार, २१ जून

ताई,

हे पत्र दाजींच्या हाती देतेय, आईबरोबर. ते सकाळी साडेनऊला गाडी घेऊन आले. तू आली नाहीस. यावंस असं मी म्हणणारही नव्हते.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं होतं. रात्रभर उशाशी होतं, वाचून वाचून मला पाठच झालंय. 'पिन कोणी लावली ते मला त्याच दिवशी कळलं होतं. टेपचं टोक दुमडून चिकटवायची सवय तुझी एकटीची आहे. मी बोलले नाही कारण वाटलं, तू बोलशील. पाच मिनिटं वाट बघितली. मग चौदा महिने. आईला आणायला हे येतील, दिवस कळव.'

म्हणजे आपण दोघी एकाच खोलीत उभ्या राहून एकमेकींची वाट बघत होतो. फरक एवढाच की तुझ्यावर बालंट होतं आणि माझ्यावर नव्हतं.

बुधवारचं सांगते.

सकाळी आठला मी पिना काढल्या नाहीत. साहेबांनी पॅसेजच्या टोकावरून भुवई उडवून विचारलं, झालं? मी मान हलवली. साडेदहाला तपासणीची माणसं वर आली. एक बाई, माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या, चष्मा गळ्यात अडकवलेला, आणि एक फाइलवाले गृहस्थ. साहेब त्यांना कठडे दाखवत होते, फरशी दाखवत होते. मग भिंतीवरच्या तक्त्यापाशी आले. "बेलचं प्रमाण बघा. लोक समाधानी आहेत याचंच हे लक्षण."

तेव्हा मी दोन नंबरमध्ये गेले आणि पिन ओढली.

वायर परत लावली नाही. नुसती पिन काढली. काउंटरवरचा बोर्ड ओरडायला लागला. मी चार नंबरमध्ये गेले, तीही ओढली. मग सहा. हात अगदी नेहमीसारखे होते, चादरी बदलताना असतात तसे. साहेब मागून आले. धावत नाही, हळूच. दारात उभे राहून म्हणाले, "तुमची आई इथे आहे, विसरू नका."

मी म्हणाले, "म्हणूनच," आणि त्यांच्या बाजूने बाहेर पडले.

अकराही काढल्या. बोर्डावर अकरा दिवे आणि आवाज असा की स्वयंपाकघरातून माणसं वर आली. तपासणीच्या बाईंनी चष्मा डोळ्यांवर लावला आणि विचारलं, "हे काय आहे?"

मी ॲप्रनच्या खिशातून पिना काढून काउंटरवर ठेवल्या. म्हणाले, "या मजल्यावर अकरा माणसांच्या बेल बंद होत्या. ही पद्धत माझ्यामुळे सुरू झाली. पहिली पिन मी लावली, गेल्या वर्षी, चौदा नंबरमध्ये. त्या बाई गेल्या. शिक्षा माझ्या बहिणीला झाली."

साहेब म्हणाले, "यांची मनःस्थिती ठीक नाही. आईच्या आजारपणामुळे." इतक्या आपुलकीने म्हणाले की क्षणभर मलाच खरं वाटलं. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांनी शिंपी आजोबांच्या खोलीत जाऊन कपाट स्वतः पुढे ओढलं.

मी चार पानी जबाब लिहून सही केली. तुझं नाव त्यात पूर्ण लिहिलंय, अकरा वर्षांच्या नोकरीसकट. पाच नावांच्या त्या कागदाचंही लिहिलंय. साहेबांना त्याच दिवशी घरी पाठवलं, मलाही. पोस्टवाल्या आजींच्या मुलाला कळवणार आहेत. तो येईल. त्याला काय सांगायचं ते माझं मला बघायचंय. पुढे काय होईल ते माहीत नाही.

पण ताई, मला भीती वाटली ती यानंतर.

वायरमनने दुपारपर्यंत अकराही वायरी लावल्या. एकेक बटण दाबून तपासलं, सगळ्या चालू. तपासणीच्या बाई म्हणाल्या, आता थांबू आणि बघू. आम्ही काउंटरवर बसलो. अर्धा तास गेला. एक तास गेला. बोर्ड गप्प. बाईंना वाटलं अजून काहीतरी बिघाड आहे. त्या उठून सहा नंबरमध्ये गेल्या, मी मागे. शिंपी आजोबा कोरड्या ओठांनी पडून होते, पाण्याचा पेला हात पोचणार नाही इतका लांब. बटण छातीवर.

"आजोबा, पाणी हवं होतं तर बटण का नाही दाबलंत?"

ते ओशाळल्यासारखे हसले. "कशाला. चाललंय की."

आठ नंबरच्या बाई ओल्या गादीवर बसून होत्या, गुपचूप. तपासणीच्या बाईंनी त्यांच्या हातात बटण दिलं तर त्यांनी ते दोन्ही हातांनी परत केलं, जसं काही दुसऱ्याचं आहे. अकरापैकी एकानेही दाबलं नाही. बेल चालू झाली होती आणि त्यांची सवय गेली होती. बाई पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. फाइल छातीशी धरली होती, लिहीत काहीच नव्हत्या.

मी आईकडे गेले. तिच्या शेजारी बसले, तिचा अंगठा धरून बटणावर ठेवला. म्हणाले, "दाब ना गं आई. मी येते बघ लगेच." तिने अंगठा तसाच ठेवला. दाबला नाही. मग माझ्याकडे बघून, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू म्हणाली, "त्यांना आवडत नाही."

आज निघण्याआधी तिचे कपडे बदलताना पाठीवर, माकडहाडाच्या वर, रुपयाएवढा लाल डाग दिसला. अजून फुटलेला नाही. दर दोन तासांनी कूस बदल, तुला सांगायला नको. औषधांची चिठ्ठी पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात आहे. पाणी थोडं थोडं, बसवून. रात्रीची गोळी विसरली तर चालेल, सकाळची नाही. तुला ती कदाचित माझ्या नावाने हाक मारेल, रागावू नकोस. मारलीच तर.

दाजी खाली थांबलेत. आईला गाडीत बसवलंय. तिच्या साडीचा पदर खिडकीच्या काचेत अडकलेला दिसला म्हणून सोडवायला वाकले, तर कळलं, तिने तो मघाशीच ओढून बघितला होता. सुटत नव्हता. तशीच बसून होती, मान वाकडी करून, काही न बोलता.

म्हणून एवढंच लक्षात ठेव, ताई. पलंगाशी घंटा ठेवशील, दार उघडं ठेवशील, 'हाक मार गं' म्हणून दहा वेळा सांगशील. ती हो म्हणेल. तू हाकेची वाट बघू नकोस. हाक येणार नाही. दर वेळी उठून जाऊन बघ.

तुझ्याकडे माफी मागण्याआधी मला दुसऱ्या एका दारात जायचंय, पोस्टवाल्या आजींच्या मुलाच्या. तिथून आले की येईन, तू ये म्हणालीस तर.

तुझी धाकटी